ढोणे कॉलेज घरी आलं

मंगळवारी सकाळी दहा वाजता मला अकरावीला प्रवेश मिळाला. सव्वादहापर्यंत आमच्या घरात असं ठरलं की तो मिळालेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं मी तसं धरूनच सांगतो. प्रवेश मिळालेला नाही. मेसेज आलेला नाही. आणि दुपारी बाराच्या सुमारास ढोणे कॉलेज आमच्या घरात यायला लागलं.

आधी कॉलेजबद्दल. पूर्ण नाव कै. नानासाहेब ढोणे कनिष्ठ महाविद्यालय, पेट्रोल पंपामागे. शहरात ते दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक, तिथे एक्केचाळीस टक्क्यांना प्रवेश मिळतो. दुसरी गोष्ट कोणालाच आठवत नाही. मला दहावीला शहाण्णव पूर्णांक चार टक्के आहेत. मला टेकडीवरचं कॉलेज हवं होतं. ते सगळ्यांनाच हवं असतं. तिथे गेलेल्या मुलांना विचारलं की तिथे काय असतं, तर ती सांगत नाहीत, नुसती हसतात. या वर्षी त्यांचा कट-ऑफ पंच्याण्णव पूर्णांक आठला थांबला. म्हणजे मी बसत होतो. पॉइंट सहा टक्के पाय पसरून बसत होतो.

झालं असं की फॉर्म बाबांनी भरला. दहा कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून आहेत. तिथे तक्ता भरताना धरणात असलेलं पाणी आधी लिहितात आणि येणारं पाणी नंतर. बाबांनी त्याच शिस्तीत एक नंबरला ढोणे लिहिलं आणि सात नंबरला टेकडी.

"पक्कं ते आधी," ते म्हणाले. "मग हौस."

मी शेजारीच बसलो होतो. 'लॉक' हे बटण मी दाबलं. बोट माझं होतं हे मी नाकारत नाही, पण माझा उजवा हात आंब्यात होता. ते डाव्या हाताचं बोट होतं.

नियम चौथ्या पानावर होता. आम्ही तीन पानं वाचली होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत घेतलं नाही, तर तुम्ही फेरीबाहेर.

फेरीबाहेर म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. समोरच्या इमारतीतला हृषीकेश लोंढे गेल्या वर्षी फेरीबाहेर गेला आणि अजून बाहेरच आहे. त्याला कुठल्याच दारातून आत जाता येत नाही. दार सताड उघडं असतं, तो पाऊल उचलून आत टाकतो, आणि ते बाहेरच पडतं. त्याची आई दुसऱ्या मजल्यावरून दोरीने डबा सोडते. रविवारी त्यात शिरा असतो.

"अभिनंदन," असं मेसेजमध्ये लिहिलं होतं. बाबांनी तो तीनदा वाचला, मोबाइल रव्याच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

"हे आपण पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मी तर पाहिलं," आई म्हणाली.

"तू चष्मा न लावता पाहिलंस. ते धरत नाहीत."

"मग पेढे सांगायचे नाहीत?"

"कशाचे पेढे? काही झालंच नाही."

पण ढोणे कॉलेजच्या मते झालं होतं. आणि मी तिकडे येत नाही म्हटल्यावर ते इकडे आलं. मला त्यात फारसं नवल वाटलं नाही. कॉलेज घ्यावंच लागतं असा नियम आहे. कुठे जाऊन घ्यायचं, ते चौथ्या पानावरही नाही.

पहिल्यांदा हॉलमध्ये एक बाक आला. आणला कोणी नाही. सोफ्याच्या जागी बाक होता आणि सोफा बाल्कनीत उभा होता, जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा. साडेबाराला बाबांची बहीण, कुंदाआत्या, आली. ती कुठल्याही निकालाच्या दिवशी येतेच.

"काय रे ओजस, कुठे लागला नंबर?" बाकावर बसत तिने विचारलं.

"अजून कुठे नाही," बाबा म्हणाले.

"अजून नाही? अरे, माझ्या नणंदेच्या नातीचा टेकडीला लागला. तिला तर याच्याहून पॉइंट तीन कमी आहेत. आणि सारखी मोबाइलवर असते ती." तिने बाकावर हात फिरवला. "हा बाक कधी घेतलात?"

"कुठला बाक?"

"हा काय. मी बसलेय तो."

"तू उभी आहेस, कुंदा."

आत्याने एकदा खाली पाहिलं आणि उठली. पुढचा सगळा चहा तिने उभ्यानेच घेतला. बाबांच्या आवाजात बत्तीस वर्षांची नोकरी आहे.

आमच्या बाथरूमकडे जाणारा पॅसेज चार पावलांचा आहे. संध्याकाळपर्यंत तो साठ पावलांचा झाला आणि दोन्ही बाजूंना दारं आली. एकावर लिहिलं होतं 'ग्रंथालय' आणि खाली खडूने 'चावी हरवली आहे'. दुसऱ्यावर 'जिमखाना'. आत एक कॅरम बोर्ड होता, स्ट्रायकर नव्हता. बाबांनी टेप आणून पॅसेज मोजला आणि आकडा कुठेही लिहून ठेवला नाही. त्यांना ओळखणाऱ्या माणसाला कळेल की ते किती घाबरले होते.

बुधवारी सकाळी सात वाजता दुधाच्या पिशवीबरोबर कॉलेजचे शिपाई आले. खाकी शर्ट, खिशात चार पेनं, काखेत हजेरीचं पुस्तक. त्यांनी स्वतःचं नाव गोसावी सांगितलं. मुलं त्यांना मामा म्हणतात असंही सांगितलं.

"मी आलेलो नाही, ताई," ते आईला म्हणाले. "तुम्ही तुमचं चालू द्या."

"साखर किती?" आईने विचारलं.

"दोन चमचे."

त्यांच्यामागून मुलं आली. मोजून एकोणऐंशी. चपला बाहेर काढल्या, ओळीने हॉलमध्ये बसली. हॉलला कधी एवढी लांबी आली ते मी पाहिलं नव्हतं, दात घासत होतो. तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती. तिच्या शेजारी एक मुलगी बसली होती. ऋजुता बेहेरे, असं तिच्या कंपासवर लिहिलं होतं.

"बस ना," ती म्हणाली.

"मी इथला नाही."

"इथला कोणीच नाही. मला अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन आहेत."

"मग ढोणेला कशी?"

"मामाने फॉर्म भरला. म्हणाला, जवळचं आधी लिहू, पोरीला रिक्षाची दगदग नको." तिने पुढच्या मुलाकडे पेनाने दाखवलं. "त्याला सत्त्याण्णव. त्याच्या ताईला वाटलं दहा नंबर म्हणजे सगळ्यात वरचा. तिने खालून वर भरला. त्या खिडकीपाशी बसलाय त्याच्या आजोबांनी ढोण्यांबरोबर तुरुंगवास भोगला होता."

"म्हणजे इथे सगळे हुशारच आहेत?"

"हुशार आहेत आणि घरच्यांचं त्यांच्यावर प्रेम आहे," ऋजुता म्हणाली. "दुसरं काही झालेलं नाही त्यांना."

"आणि तुमच्याही घरी कॉलेज आलं होतं?"

"येतंच. आमच्याकडे रात्रभर होतं. मग मी 'हजर' म्हटलं आणि त्याच्याबरोबर निघाले. घर कुठे राहिलं ते बघायला अजून वेळ मिळाला नाही. जर्नल पूर्ण करायचंय."

मी बसलो नाही. पाठीवर दप्तर टाकलं आणि टेकडीवरच्या कॉलेजला स्वतः जाऊन विचारायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "जा. जाऊन ये. आणि कशासाठी गेलास ते सांगू नकोस, कारण तसं काही झालेलं नाही."

खाली हृषीकेश भेटला. तोही येतो म्हणाला. बसलाही दार असतं, म्हणून आम्ही चालत गेलो. सव्वा तास.

"बाहेर कसं असतं रे?" मी विचारलं.

"वाईट नाही. हवा असते."

"आणि?"

हृषीकेशने बराच विचार केला. चढ लागला तरी करत होता. "आणि हवाच असते," तो म्हणाला.

तो फाटकाशी थांबला आणि मी आत गेलो. टेकडीवर वर्ग सुरू झाले होते. तिथे सगळं लवकर सुरू होतं. वॉचमनने माझे टक्के विचारले आणि मान हलवली.

"शहाण्णव पूर्णांक चार. म्हणजे तुम्ही आत आहात," तो म्हणाला. "पण तुम्ही इथे नाही. चार मिनिटांत परत येणार असाल तर बघून घ्या."

अकरावी विज्ञान, तुकडी अ. दुसऱ्या ओळीत खिडकीपाशी एका खुर्चीवर एक मुलगा अर्धाच बसला होता. अर्धा म्हणजे डावी बाजू खुर्चीवर, उजवी हवेत. मला पाहून तो ओशाळला.

"तू कुलथे ना?" तो कुजबुजला. "मी वरद चिमोटे. पंच्याण्णव पूर्णांक आठ. तुझ्या जागेवर बसलोय. सॉरी हं."

"नीट बस की."

"नको. तुझ्या फॉर्मचं काही झालं, तर मला लगेच उठता यायला पाहिजे."

"मांडी दुखत असेल."

"दुखते. आई तेल लावते." त्याने घाम पुसला. "उद्या सहा वाजता मी पूर्ण बसणार. तसं लिहून घेतलंय माझ्याकडून."

उरलेल्या अर्ध्या जागेवर मी बसून पाहिलं. आम्ही दोघं एकमेकांना कोपरं लागू न देता बसलो. सर फळ्यावर एक लांबलचक समीकरण सोडवत होते. मला ते कळत होतं. पुढची ओळ काय येणार तेही कळत होतं, आणि तीच आली. दहावीत एवढा अभ्यास केला तो या ओळीसाठी होता असं मला वाटलं. चार मिनिटं सगळं कळत होतं. मग वॉचमनने दारात येऊन बोटाने मनगटावर टकटक केलं.

"बसायला मजा आली का?" फाटकाशी हृषीकेशने विचारलं.

मी दप्तराचा पट्टा ओढून घट्ट केला. तो म्हणाला, "मीही गेलो होतो मागच्या वर्षी. मी विचारायलाच नको होतं."

गुरुवारी सकाळी उठलो तेव्हा स्वयंपाकघरात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा लागली होती. ओट्यावर ब्युरेट उभ्या होत्या आणि आई बर्नरवर आमटी करत होती. आमटी निळसर झाली. चवीला बरी होती. आईबाबांच्या खोलीवर 'स्टाफ रूम' अशी पाटी होती आणि आतून कोणीतरी प्राध्यापक जोरजोरात हसत होते. आईला कपाटातून आपली साडी आणायला दारावर टकटक करून "येऊ का?" म्हणावं लागलं. आतून म्हणाले, "पाच मिनिटांनी या."

ती पॅसेजमध्ये माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"तुझ्या बाबांचं हे आजचं नाही," ती म्हणाली. "लग्न ठरवताना त्यांनी मुलींची यादी केली होती. सात नावं. माझं पहिलं होतं."

"अगं, मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? म्हणजे मी पक्की होते." तिने पदराने चष्मा पुसला. "सातवी कोण होती, ते मी कधी विचारलं नाही."

दुपारपर्यंत गोसावीमामा फरशी पुसत पुढे येत राहिले. ते जिथे पुसत, तिथली आमची पिवळी फरशी कॉलेजची काळी होई. "साहेब, पाय जरा उचला," ते म्हणत. बाबा पाय उचलत आणि म्हणत, "काही झालेलं नाही." मामा म्हणत, "नाही ना. फक्त पाय." चार वाजता सोफा गेला. साडेचारला देव गेले. ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये चांगल्या जागी लागले होते, म्हणून आईने तक्रार केली नाही. पाचला माझं टेबल गेलं, त्यावरच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांसकट. साडेपाचला आमचं म्हणावं असं घर फक्त दारापासून चपलांच्या स्टँडपर्यंत उरलं. आम्ही तिघं तिथे उभे होतो. एका बाजूला वर्ग होता. दुसऱ्या बाजूला उघडं दार होतं आणि दाराबाहेरच्या पायरीवर हृषीकेश बसला होता; आमच्या जिन्याला दार नाही. मला पाहून तो थोडा सरकला.

"सतरंजी आणलीय," तो म्हणाला. "दोघांना पुरेल."

त्याने हे अगदी आपुलकीने म्हटलं. म्हणूनच मी आईच्या बाजूला सरकलो.

पावणेसहाला वर्गात उंडे मॅडम आल्या. जाड काचांचा चष्मा, हातात डस्टर. त्यांनी पाठ न वळवता फळ्यावर तारीख लिहिली. कशी लिहिली ते सांगता येणार नाही, हात बराच लांब होता. मग हजेरी सुरू झाली. एक ते एकोणऐंशी सगळे हजर होते. ऋजुताने "हजर" म्हटलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. ते तिने माझ्यासाठी केलं असं मला वाटलं.

"ऐंशी," मॅडम म्हणाल्या. "ओजस शशिकांत कुलथे."

'हजर' म्हटलं की टेकडीवर वरद चिमोटे पूर्ण बसणार. नाही म्हटलं तरी सहाला तो पूर्ण बसणारच, आणि मी पायरीवर. या दोन्हींत मला हवं होतं ते कुठेच नव्हतं. ते सात नंबरला होतं.

"सहापर्यंत घेईन मी नाव," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "सहानंतर माझ्या हातात नाही. ओजस कुलथे."

आई माझ्याकडे पाहत होती. मी बाबांकडे पाहत होतो. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. तेही कॉलेजचं झालं होतं, पण वेळ बरोबर दाखवत होतं.

"मॅडम," बाबा म्हणाले, "एक अर्ज द्यायचा आहे."

"कोणाकडे?"

"ते नंतर बघू. आधी लिहून तर होऊ दे." त्यांनी खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढला. तो त्यांच्या खिशात नेहमी असतो. "ओजस, तू लिही. माझा हात आज नीट चालत नाही."

मी चपलांच्या स्टँडवर कागद ठेवला. गोसावीमामांनी आपल्या चार पेनांतलं एक दिलं.

"प्रति, माननीय सक्षम अधिकारी," बाबांनी सांगायला सुरुवात केली. "विषय, पसंतीक्रम एक व सात यांची अदलाबदल होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की, सदर फॉर्म मी स्वतः, शशिकांत विठ्ठल कुलथे, याने भरला. मुलाने फक्त बटण दाबले."

"डाव्या हाताने," मी म्हणालो.

"डाव्या हाताने. लिही. मुलगा हुशार आहे. त्याने मला विचारले होते की टेकडी वर लिहायची का. मी त्याला गप्प बस म्हणालो."

हे मी विसरलो होतो. खरंच विचारलं होतं. आईने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओजस कुलथे," उंडे मॅडम म्हणाल्या. पाच सत्तावन्न.

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले, "आणि ती झालेली आहे."

"झालेली आहे लिहू?"

"लिही."

मी लिहिलं. पायाखालची शेवटची पिवळी फरशी तेवढ्यात काळी झाली. मामा कोपऱ्यात उभे होते, फडकं त्यांच्या खांद्यावर होतं. यावेळी त्यांनी पुसलं नव्हतं.

"आता विनंती," बाबा म्हणाले आणि थांबले. बत्तीस वर्षांत विनंतीपाशी ते कधी अडले नव्हते. बसल्यावर मांडीवर घासतात तसा त्यांनी हवेतच हात घासला. वर्गातली एकोणऐंशी मुलं वळून आमच्याकडे बघत होती. बाहेर हृषीकेश उभा राहिला. त्याने एक पाऊल उचललं आणि ते हवेतच धरून ठेवलं.

"ओजस कुलथे," मॅडम म्हणाल्या. पाच एकोणसाठ.

बाबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि उरलेलं स्वतः लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं :

'तरी सदर अर्जावर योग्य तो निर्णय होईपर्यंत आज रोजी सायंकाळचे सहा वाजवण्यात येऊ नयेत, ही नम्र विनंती.'